गोव्याच्या लोहखनिजाचा ऱ्हास: १०० कोटी की ३६ कोटी?

खडीमाती
राज्य उत्पन्नातून लोहखनिजाच्या ऱ्हासाची किंमत वजा करून बघतोय. समजा वर्षाचा खंड, म्हणजे खर्च वजा जाता खनिजाची स्वतःची कमाई, १०० कोटी रुपये, साठा २० वर्षांचा. निव्वळ किंमत पद्धतीने, म्हणजे सगळा खंड ऱ्हासच मानला तर, पूर्ण १०० कोटी. अर्थतज्ज्ञ एल सेराफींच्या सूत्राने (खंडाचा एक भाग टिकाऊ उत्पन्न, उरलेला ऱ्हास), ५ टक्के व्याजदर धरून, जेमतेम ३६. एवढी तफावत कशी? खंड असा काढलाय: मुरगाव बंदराचा एफओबी (जहाजावर चढवलेल्या मालाचा) भाव, वजा उत्पादन खर्च, रॉयल्टी आणि घसारा.

ताळेबंद
आधी खंडच दुरुस्त करा. रॉयल्टी वजा करायची नाही. ती खर्च नव्हे, मालक म्हणून सरकारने घेतलेला खंडातला वाटा आहे. उलट जेटीपर्यंतचे ट्रक, मांडवी-झुआरीतल्या बार्ज, बंदरावरचं लोडिंग हे सगळं एफओबीत दडलेलं असतं, ते काढा. त्यापेक्षा नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोचा प्रतवार सरासरी विक्रीभाव सोयीचा, तो खाणीवरचा असतो. आणि घसाऱ्यासोबत यंत्रसामग्रीवरचा रास्त परतावाही वजा करा. तो राहिला की डंपर-एक्स्कॅव्हेटरची कमाई खनिजाच्या नावावर चढते.

सरळव्याज
तफावत गृहीतकात आहे. निव्वळ किंमत पद्धत मानते की टनामागचा खंड दरवर्षी व्याजदरानेच वाढत जाईल, म्हणून पुढच्या खंडाची आजची किंमत काढताना लागणारा वटाव त्या वाढीत कापला जातो. एल सेराफी तो स्थिर धरतात:

ऱ्हास = खंड ÷ (१ + दर)^(वर्षं + १)

तुमच्या उदाहरणात घात २१. दर ३ टक्के धरला तर ५३.८ कोटी, ५ ला ३५.९, १० ला १३.५. दर शून्य टाका, १०० च येतील. म्हणून एकच आकडा छापू नका, निदान दोन दर दाखवा.

खरी गंमत वर्षांच्या आकड्यात आहे. उत्खनन दुप्पट केलं की खंड २०० कोटी आणि आयुष्य १० वर्षं. ऱ्हास ३६ वरून थेट ११७ कोटी. ओरबाडण्याची किंमत इथे दिसते, निव्वळ किंमत पद्धतीत ती फक्त दुप्पट दिसते.

खडीमाती
वर्षं काढायला साठा भागिले त्या वर्षीचं उत्पादन, बरोबर?

सरळव्याज
गोव्यात तरी नको. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद, २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द झाल्यावर पुन्हा बंद. अशा वर्षी शून्याने भागाल. एक तर चालू वर्षांची सरासरी घ्या, नाहीतर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेली वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा. अंशात फक्त राखीव साठा (फायद्यात काढता येईल तेवढाच), म्हणजे यूएनएफसी या संयुक्त राष्ट्रांच्या खनिज वर्गीकरणातले १११, १२१, १२२ हे वर्ग. उरलेली संसाधनं मिसळलीत की आयुष्य फुगतं आणि ऱ्हास खोटाच कमी दिसतो.

ताळेबंद
एक भर. टन उत्खननाचे घ्या, निर्यातीचे नाहीत. बंदीनंतर ई-लिलावात गेलेला माल आधीच काढलेला होता, त्याचा ऱ्हास काढला त्या वर्षाचा. डंपचंही (खाणीबाहेर रचून ठेवलेल्या मालाचंही) तेच. आणि त्याच २०१४ च्या निकालातल्या, पुढच्या पिढ्यांसाठीच्या कायम निधीशी ताडून बघा: विक्रीच्या १० टक्के रक्कम तिथे जायची आहे. खंड विक्रीच्या ४० टक्के असेल तर ५ टक्के दराने ऱ्हासच विक्रीच्या १४ टक्क्यांवर जातो, म्हणजे निधी अपुरा पडतो.