अनुभव धागा: मेडिकलची वर्षं, अंगावरचे डाग आणि मनावरचं ओझं

धागाकर्ती (त्वचारोग विभाग, पीजीचं दुसरं वर्ष):
गेल्या आठवड्यात ओपीडी आटोपत आली तेव्हा दाराशी एक मुलगी उभी दिसली. मास्क, पाठीला सॅक, हातात घडी घातलेला एप्रन. आमच्याच कॉलेजची, दुसऱ्या वर्षाची. शेवटचा पेशंट जाईपर्यंत ती बाहेर थांबली होती. मास्क काढला तर दोन्ही गालांवर आणि हनुवटीखाली गाठीगाठींचं ॲक्ने, काही फुटलेलं. म्हणाली, "मॅडम, पिंपल्सच आहेत. खऱ्या पेशंटचा वेळ घेतेय मी."

मी तिला डीएलक्यूआय भरायला दिलं. १९९४ साली कार्डिफमध्ये तयार झालेली ही दहा प्रश्नांची प्रश्नावली. जास्तीत जास्त ३० गुण, आणि दहाच्या वर गेलं की त्वचेने रोजचं जगणं फार बिघडवलंय असं धरतात. तिचे १९ आले. तीन महिने ती मेसमध्ये बसून जेवली नव्हती, डबा खोलीवर आणायची. हे तिला विचारूनच लिहितेय.

एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) कृतिदलाच्या २०२४ च्या अहवालात, सर्वेक्षणाला उत्तर दिलेल्या एमबीबीएसच्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं स्वतः सांगितलं आहे. त्यातली किती मुलं अशी दाराबाहेर थांबली असतील, हे माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा. नाव नको, कॉलेजही नको. औषधांचे डोस एकमेकांना सांगू नका, एवढीच विनंती. बाकी जसं घडलं तसं लिहा.

तिसरं वर्ष, विदर्भातली:
माझी गोष्ट एका ट्यूबची. पहिल्या वर्षी पिंपल्सचे काळे डाग राहिले म्हणून रूममेटने तिची क्रीम दिली. आठवड्यात चेहरा असा उजळला की घरी गेले तर आजीने दृष्ट काढली. मग तीच ट्यूब गावच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेत राहिले. दहा महिने.

दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजीत कॉर्टिकोस्टेरॉइड्स आले. सर फळ्यावर दुष्परिणाम लिहीत होते: त्वचा पातळ होणं, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागणं, लव वाढणं, पुळ्या. मी वहीत उतरवत होते आणि तिसऱ्या मुद्द्याला पेन थांबलं. रात्री सगळ्या झोपल्यावर बाथरूमच्या आरशासमोर मोबाईलचा टॉर्च गालाशी आडवा धरला. नाकाच्या कडेला केसाएवढ्या लाल रेषा, एकीला दुसरी फुटलेली, जशा पानाच्या शिरा असतात. ट्यूबवरची बारीक अक्षरं तेव्हा पहिल्यांदा वाचली. मोमेटासोन (हेच ते स्टेरॉइड), हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन.

त्याच रात्री बंद केली. चौथ्या दिवशी चेहरा पेटला. गार पाणी मारलं तरी आग, उन्हात तर उभंच राहवेना. आईचा व्हिडिओ कॉल आला की 'नेट नाहीये गं' म्हणून कट करायचे आणि साधा फोन लावायचे. पॅथॉलॉजीच्या व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो, "चेहऱ्याला काय झालं?" मला उत्तर येत होतं, निदानासकट. तोंडातून शब्द फुटला नाही, आणि पुढच्या साध्या प्रश्नांनाही गप्पच राहिले.

चेहरा सावरायला सात महिने लागले. पण 'डॉक्टर होणार आणि हिला एवढंही कळलं नाही' हे मी स्वतःलाच रोज ऐकवायचे, ते अजून पुरतं थांबलेलं नाही.

धागाकर्ती:
तू सुरुवात केलीस तेव्हा तुला फार्मा शिकवलेलंच नव्हतं. यात तुझी चूक शोधू नकोस. आमच्याकडे या त्रासाला नाव आहे, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस, आणि रोज असे चेहरे ओपीडीत येतात. २०१८ मध्ये सरकारने बऱ्याच स्टेरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये आणल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. तरी काउंटरवर त्या मिळतात, हे तूच लिहिलंस. एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो, तेव्हा बंद करतानाही डॉक्टर सोबत हवा.

फायनल इयर, खानदेश:
मी सीनियरच्या सांगण्यावरून आयसोट्रेटिनॉइन, म्हणजे पिंपल्सवरचं पोटात घ्यायचं औषध, सुरू केलं होतं. ओठ फाटले ते ठीक, पण झोप उडाली आणि विनाकारण रडू यायचं. औषधाने की परीक्षेने, ठरवता येईना. नंतर स्किनच्या मॅडमनी लिव्हर आणि लिपिड तपासले आणि आधी विचारलं, "मन कसं आहे?" तोपर्यंत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

धागाकर्ती:
हे औषध स्वतःहून कुणीही घेऊ नका. रक्ततपासण्या लागतात, मूड बदलला तर लगेच सांगायचं असतं. मुलींनी तर विशेष जपायचं, कारण या औषधावर असताना गर्भ राहिला तर त्यात गंभीर व्यंग येऊ शकतं.

दुसरं वर्ष, मुंबईत हॉस्टेलला:
गजकर्ण. लिहितानाही संकोच वाटतोय. जुलैत खोलीत दोरीवर कपडे तीन-तीन दिवस ओले, जीन्स दमट असतानाच चढवायची. मांडीच्या सांध्यात सुरू झालं, कमरेपर्यंत आलं. मी कबड्डी सोडली आणि मित्रांच्या खोलीवर झोपायला जाणंही. लोक म्हणतील, घाणेरडा आहे, आंघोळ करत नाही. मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला केओएच माउंट, म्हणजे बुरशी शोधायची तपासणी, शिकवत होते. माझ्या पार्टनरला मी हळूच सांगितलं. त्याने एक शब्द न बोलता ब्लेडने माझ्या कमरेवरचा कोंडा स्लाइडवर घेतला, केओएचचा थेंब टाकला, वाट पाहिली आणि मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला. काचेच्या दोऱ्यासारखे फांद्या फुटलेले हायफी, बुरशीचे तंतू. तो म्हणाला, "बुरशी आहे रे. तू नाहीस वाईट." त्या वाक्याने मला जेवढं बरं वाटलं तेवढं पुढच्या आठ आठवड्यांच्या गोळ्यांनीही नाही.

इंटर्न, पश्चिम महाराष्ट्र:
हातांचा एक्झिमा. दिवसाला चाळीसदा हँडरब, वर ग्लोव्हज. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, रक्त काढताना स्पिरिट लागलं की डोळ्यांत पाणी. वॉर्डातले मामा विचारायचे, "डॉक्टर, रडताय का?" पॅच टेस्ट केली, पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी आणि पुन्हा ९६ तासांनी वाचली. रबर बनवताना घालतात त्या रसायनांची ॲलर्जी निघाली. ती नसलेले ग्लोव्हज मिळाल्यावर पंधरा दिवसांत हात ओळखीचे वाटू लागले.

नीट-पीजीची तयारी:
चाई. दोन रुपयांच्या नाण्याएवढी, मानेवर. रोज सकाळी बोटांनी मोजायचो, वाढली का. डोक्यात इंजेक्शनं घेतली, केस आले. जास्त लिहिण्यासारखं नाही.

बिश्केक (किर्गिझस्तान), मूळ परभणीचा:
इथे हिवाळ्यात बाहेर उणे पंधरा, आत हीटर. लहानपणीचा एक्झिमा पाठीमागून धावत आला. रशियनमध्ये 'खाज' हा शब्द शिकलो, पण 'रात्रभर जाग येते आणि घरी जावंसं वाटतं' हे सांगण्याइतकी भाषा नव्हती. आई फोनवर खोबरेल तेल लाव म्हणायची. लावलं नाही तरी 'लावलं' म्हणायचो, तिला बरं वाटायचं.

नाव नको:
मला कुठलाही त्वचारोग नव्हता. मी तो केला. परीक्षेआधी दंडावरची बारीक पुरळ नखाने टोकरायला लागले. मग पिन. रात्री दोन तास निघून जायचे आणि पुस्तक तिथेच उघडं. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या. स्किनला दाखवलं तर मलम मिळालं. सायकियाट्रीच्या पोस्टिंगला एक्सकोरिएशन डिसॉर्डर ऐकलं, म्हणजे स्वतःची त्वचा टोकरत राहण्याचा आजार. मानसिक आजारांच्या डीएसएम-५ या यादीत २०१३ पासून त्याला स्वतंत्र स्थान आहे. मला वाटलं, वर्गातल्या सगळ्यांना कळलं की हे माझ्याबद्दल चाललंय.
आमच्याच कॉलेजच्या ओपीडीत कशी जाणार? केसपेपर काढणारे ओळखीचे, रेसिडेंट रोजच्या भेटीतले. दुसऱ्या शहरात जाऊन दाखवलं, एसटीने चार तास. वर्तणूक उपचारांनी फरक आहे. मागच्या महिन्यात अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घेतला. घातलेला नाही अजून.

धागाकर्ती:
ताई, तू आधीच मदत घेतलीस. तुझ्यासारखं एसटीने जाणं ज्यांना अजून जमत नाही त्यांच्यासाठी: टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, रात्री-अपरात्रीही, मराठीत, फुकट. केसपेपर लागत नाही.

इंटर्न, पुणे:
ओठ आणि बोटांची टोकं. कोड. वॉर्डात एका आजींची सलाईन लावत होते, त्यांची सून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, तुम्हालाच झालंय, ते आम्हाला नाही ना लागणार?" मी म्हटलं, "नाही, हा स्पर्शाने पसरत नाही," आणि लावत राहिले. हात थरथरत होते, पण शीर पहिल्याच प्रयत्नात सापडली. घरी मात्र स्थळांच्या वह्या मिटल्यात आणि काकू देवाधर्माचे उपाय सुचवतात. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी सुरू केलेल्या श्वेता असोसिएशनच्या सभेला पहिल्यांदा गेले तेव्हा आधी तोंडच उघडलं नाही. खोलीभर माझ्यासारखे हात होते.

तिसरं वर्ष, मराठवाडा:
मला सोरायसिस. कोपरं आणि टाळू. ऑपरेशन थिएटरात पहिल्यांदा स्क्रब झालो आणि सिस्टर म्हणाल्या, "हे काय आहे? टेबलापासून लांब उभा राहा." संसर्गजन्य नाही हे माहीत असून मी बोललो नाही. सहा महिने मागच्या भिंतीला टेकून केसेस पाहिल्या. टेन्शन आलं की चट्टे वाढतात, खाजवलं तिथे नवे येतात, ते पाहून पुन्हा टेन्शन. सर्जन व्हायचं होतं. आता विचारलं तर 'बघू' म्हणतो.

निवृत्त प्राध्यापक, मेडिसिन:
हे वाचून लिहिल्यावाचून राहवेना. १९९७ सालची गोष्ट. मुलांना शिकवायच्या क्लिनिकला पेशंट आला नव्हता. बॅचमधल्या एका मुलाच्या कोपरावर सोरायसिस होता. मी त्याला बाही वर करायला लावली आणि स्लाइडच्या कडेने पापुद्रा खरवडून ऑस्पिट्झ साइन, ही सोरायसिसची खूण, दाखवली. टिपक्याटिपक्यांनी रक्त आलं. पंधरा मुलं वाकून पाहत होती. मी त्याला विचारलं नव्हतं. त्यानंतर तो माझ्या क्लिनिकला कायम शेवटच्या रांगेत बसला. ते मला दिसत होतं आणि मी काही केलं नाही.

तिसरं वर्ष, मराठवाडा:
सर, तो आता कुठे आहे?

निवृत्त प्राध्यापक, मेडिसिन:
सोलापूरकडे प्रॅक्टिस करतो. नंबर आहे माझ्याकडे.

निवृत्त प्राध्यापक, मेडिसिन (दुसऱ्या दिवशी):
काल रात्री फोन लावला. पाऊण तास बोललो. त्याला वारसुद्धा आठवत होता.