वर्क की शूट? मॉन्ट्रियल, एमजेएफ, पंक आणि पुराव्याचा प्रश्न

टॉपरोप
रेसलिंगमधलं एखादं भांडण वर्क होतं की शूट, म्हणजे ठरवून केलेलं की खरोखरचं, हा वाद दर मोठ्या शोनंतर पेटतो आणि दर वेळी "मला तरी वाटतं" इथवर येऊन अडकतो. एक बाजू म्हणते, जिथे मॅचचा निकालच आधी ठरतो तिथे ड्रेसिंग रूममधली मारामारी खरी कशी असेल? दुसरी बाजू डर्टशीटमधली (पडद्यामागच्या बातम्या देणाऱ्या वार्तापत्रातली) प्रत्येक ओळ ब्रह्मवाक्य मानते.

तीन प्रकरणं समोर ठेवतो. १९९७ चं मॉन्ट्रियल, जिथे डब्ल्यूडब्ल्यूएफचा (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचा) मालक विन्स मॅकमहॉनने चॅम्पियन ब्रेट हार्टला न सांगता मॅचचा शेवट बदलला असं म्हणतात, पण ज्याला त्या दोघांचा संगनमताचा खेळ म्हणणारे आजही भेटतात. जून २०२२ मधला, एईडब्ल्यू कंपनीच्या एमजेएफ या रेसलरचा प्रोमो (माइकवरचं भाषण). आणि सीएम पंकची एईडब्ल्यूमधली दोन भांडणं, २०२२ आणि २०२३ ची. प्रत्येकात ठरवलेलं किती, खरं किती आणि ते कशावरून म्हणायचं? जाता जाता लंडनच्या वेम्बलीतल्या एईडब्ल्यूच्या २०२३ च्या शोच्या गर्दीचे ८१,०३५ आणि ७२,२६५ असे दोन आकडे फिरतात, त्यातला कुठला धरायचा तेही सांगा.

शार्पशूटर९७
मॉन्ट्रियल शूटच होतं. त्याचं उत्तर रिंगमध्ये शोधत बसू नका, करारात शोधा.

ब्रेट हार्टने १९९६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफशी २० वर्षांचा करार केला. वर्षभरातच विन्स मॅकमहॉनने त्याला सांगितलं की हा खर्च कंपनीला झेपत नाही, प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूशी बोलून बघ. ब्रेटच्या करारात एक कलम होतं: शेवटचे ३० दिवस आपलं पात्र कसं वापरलं जाईल यावर त्याचं वाजवी नियंत्रण. आता पेच बघा. चॅम्पियनशिपचा बेल्ट ब्रेटकडे, मॅच त्याच्याच देशात कॅनडात, समोर शॉन मायकल्स, आणि दोघांचं प्रत्यक्षातही पटत नव्हतं. ब्रेटचं म्हणणं होतं, बेल्ट सोडतो, पण इथे नाही आणि शॉनसमोर नाही. विन्सला थांबण्याची भीती वाटत होती, आणि ती उगाच नव्हती. डिसेंबर १९९५ मध्ये अलंड्रा ब्लेझ डब्ल्यूडब्ल्यूएफचा महिलांचा बेल्ट घेऊन डब्ल्यूसीडब्ल्यूच्या नायट्रो शोवर गेली होती आणि कॅमेऱ्यासमोर तो तिने कचऱ्याच्या डब्यात टाकला होता.

ब्रेटला सांगितलेला शेवट असा: दोन्हीकडची माणसं रिंगमध्ये घुसणार आणि मॅच डिसक्वालिफिकेशनवर संपणार. मध्ये शॉन ब्रेटलाच त्याचा खास पेच, शार्पशूटर, लावणार आणि ब्रेट तो उलटवणार. ९ नोव्हेंबर १९९७ ला शॉनने पकड लावली आणि ब्रेट ती उलटवायच्या आत विन्सने रिंगच्या कडेवरून घंटा वाजवायला लावली. रेफरी अर्ल हेबनर तडक बाहेर पडून गाडीत बसून निघून गेला. ती काही सेकंदं थांबवून थांबवून बघा. ब्रेट टॅप करत नाही, म्हणजे हार मानत नाही. उलट घंटा होते तेव्हा तो शॉनचा पाय ओढून त्याला पाडतो, कारण त्याच्या लेखी मॅच अजून चालू आहे. सोडवणुकीची पुढची हालचाल त्याच्या अंगात ठरलेली होती, ती आपोआप बाहेर आली. हे सगळं माहीत असलेला माणूस तिथे पडून राहिला असता.

वरून आणखी एक पुरावा आहे. त्या दिवसांत ब्रेटवर माहितीपट बनत होता. त्यासाठी रेकॉर्ड झालेल्या संभाषणात विन्स डिसक्वालिफिकेशनच्या शेवटाला होकार देताना ऐकू येतो.

आणि परिणाम बघा. डेव्ही बॉय स्मिथ आणि जिम नायडहार्ट ब्रेटमागोमाग गेले. १७ नोव्हेंबरला रिक रूड आधी रेकॉर्ड केलेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या रॉ शोवर आणि लाइव्ह नायट्रोवर अशा दोन्हीकडे दिसला, कारण त्याच्याकडे लेखी करारच नव्हता. ब्रेट स्वतः रॉवर परतला तो ४ जानेवारी २०१० ला. बारा वर्षं कोणी वर्क सांभाळत बसत नाही.

बुकरची_खुर्ची
शार्पशूटर, मॉन्ट्रियलबद्दल सहमत. पण "करारात शोधा" हा सरसकट नियम केलात तर फसाल. कागदही कथेचा भाग होऊ शकतो.

ब्रायन पिलमन घ्या. फेब्रुवारी १९९६, डब्ल्यूसीडब्ल्यूचा सुपरब्रॉल शो. हरणाऱ्याने समोरच्याला "मी तुझा आदर करतो" म्हणायचं, अशी मॅच. पिलमन मिनिटभरात माइकवर केव्हिन सलिव्हनला बुकर म्हणून हाक मारतो, आदर करतो म्हणतो आणि निघून जातो. सलिव्हन तेव्हा खरोखरच पडद्यामागचा बुकर, म्हणजे निकाल आणि कथा ठरवणारा, होता, त्यामुळे ज्यांना आतलं ठाऊक होतं तेच सगळ्यात जास्त गोंधळले. मग पिलमनने डब्ल्यूसीडब्ल्यूचा प्रमुख एरिक बिशॉफला पटवलं की हे खरं वाटायला हवं असेल तर मला खरंखुरं रिलीजचं पत्र दे. बिशॉफने दिलं. पिलमन आधी ईसीडब्ल्यू या छोट्या कंपनीत गेला आणि जूनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफशी करार करून मोकळा झाला. कागद शंभर टक्के अस्सल, उद्देश वर्कचा, आणि शेवटी ज्याने वर्क मंजूर केला तोच हात चोळत बसला. याला वर्क म्हणाल की शूट? मी म्हणेन, सुरुवात वर्कची आणि शेवट शूटचा.

दुसरं उदाहरण ९ जुलै २०००, डब्ल्यूसीडब्ल्यूचा बॅश ॲट द बीच शो. जेफ जॅरेट रिंगमध्ये आडवा झाला, हल्क होगनने त्याच्यावर पाय ठेवून पिन घेतला. इथपर्यंत होगनला माहीत होतं. नंतर कंपनीचा कथालेखक व्हिन्स रुसोने रिंगमध्ये येऊन होगनची जी लाज काढली, ती ठरली होती की नाही यावर भांडण कोर्टापर्यंत गेलं. होगनचा दावा फेटाळला गेला, पण तो डब्ल्यूसीडब्ल्यूत पुन्हा पाऊल ठेवायला आला नाही. मूळ कुठे होतं? त्याच्या करारातल्या क्रिएटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे आपल्या कथेवरच्या ताब्यात. म्हणजे ब्रेटकडे ३० दिवसांसाठी होतं तेच हत्यार, फक्त मोठ्या आकाराचं. असं कलम एखाद्याच्या हातात असलं की हरायच्या वेळी ठिणगी पडणारच.

म्हणून प्रत्येक घटना तुकड्यांत कापा. संपूर्ण प्रकरणावर एकच शिक्का मारला की गफलत होते.

हार्डकॅम
एमजेएफ आणि पंककडे येतो. माझी कसोटी सोपी आहे: कॅमेरा आणि माइक कोणाच्या ताब्यात होते, आणि कंपनीने स्वतःचं काय मोडलं?

एमजेएफ २८ मे २०२२ ला लास वेगासमध्ये चाहत्यांच्या भेटीच्या कार्यक्रमाला आला नाही. तो भाग मी खरा धरतो, कारण पैसे भरून आलेल्या लोकांना कंपनी कथेसाठी ताटकळत ठेवत नाही; परतावा द्यावा लागतो, नाव खराब होतं. दुसऱ्या दिवशी मात्र तो आला, वॉर्डलोकडून पॉवरबॉम्बवर पॉवरबॉम्ब खाऊन हरला आणि स्ट्रेचरवरून गेला. १ जूनला डायनामाइट या एईडब्ल्यूच्या साप्ताहिक शोवर त्याला लाइव्ह माइक मिळाला. त्याने कंपनीचा मालक टोनी खानला शिव्या घातल्या, मला काढून टाक म्हणाला, आणि मग माइक बंद होऊन जाहिरात लागली. ज्याच्यावर मालकाचा खरोखर विश्वास उरलेला नाही त्याच्या हाती लाइव्ह माइक देत नाहीत. नंतर वेबसाइटवरून त्याचं नाव काढलं, हीसुद्धा सजावट. ४ सप्टेंबरला ऑल आउट या मोठ्या शोमध्ये तो परत आला. म्हणजे नाराजी खरी, करार जानेवारी २०२४ ला संपणार हेही खरं, पण प्रोमो वर्क. २७ जून २०११ चा पंकचा लास वेगासमधला प्रोमो याच जातीचा: करार संपत आल्याचं खरं, माइक मात्र कंपनीने हाती दिलेला.

आता त्याच ४ सप्टेंबरच्या रात्रीचा उरलेला भाग. शेवटच्या मॅचमध्ये पंकने जॉन मॉक्सलीला हरवून बेल्ट जिंकला. शो संपताना एमजेएफ समोर आला, पुढचे दोन-तीन महिने त्या दोघांचे हे उघड होतं. केनी ओमेगा आणि यंग बक्स या जोडीने त्याच रात्री नवा ट्रायोज (तिघांच्या टीमचा) बेल्ट जिंकला होता. मग पत्रकार परिषदेत पंक सगळ्यांवर घसरला आणि आत त्याची ओमेगा आणि बक्सशी मारामारी झाली. ७ सप्टेंबरच्या डायनामाइटवर दोन्ही बेल्ट रिकामे जाहीर झाले. तीन दिवसांपूर्वी बनवलेले दोन चॅम्पियन आणि कंपनीकडची सगळ्यात मोठी कथा एका फटक्यात गेली. पंकच्या हाताला दुखापत होती हे धरूनही, ओमेगा आणि बक्सना बसवून ठेवण्यात कथेच्या दृष्टीने काहीही फायदा नव्हता. ठरवून कोणी हे करणार नाही.

२०२३ तर त्याहून स्पष्ट. २७ ऑगस्टला वेम्बलीत जॅक पेरीने आपल्या मॅचमध्ये खरी काच वापरण्याच्या जुन्या वादावरून कॅमेऱ्यात बघून पंकला टोमणा मारला, आत पंकशी झटापट झाली. २ सप्टेंबरला टोनी खानने पंकला कारणासह काढलं. कधी? त्या रात्री कोलिजन हा एईडब्ल्यूचा साप्ताहिक शो शिकागोत होता, दुसऱ्या दिवशी ऑल आउटही शिकागोत. पंकच्या गावात, पंकसाठी तिकीट काढलेल्या लोकांसमोर. २५ नोव्हेंबरला, म्हणजे ८४ दिवसांत, पंक सर्व्हायव्हर सिरीजमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत उभा होता. एप्रिल २०२४ मध्ये एईडब्ल्यूने झटापटीचं आवाज नसलेलं फुटेज दाखवलं, ते मात्र यंग बक्स आणि एफटीआर या दोन जोड्यांच्या कथेला जोडून. खरी घटना, नंतर कथेत वापरलेली. मला तो निर्णय अजिबात पटला नाही. सोडून गेलेल्या माणसावर स्वतःच्या शोची मिनिटं खर्च झाली.

गेटचा_हिशोब
आकड्यांचं सांगतो. दोन्ही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. ८१,०३५ हा एईडब्ल्यूने जाहीर केलेला विकलेल्या तिकिटांचा आकडा. ७२,२६५ हा ब्रेंट कौन्सिलकडून माहिती मागवल्यावर मिळालेला, टर्नस्टाइलमधून आत गेलेल्यांचा. फरक ८,७७०, सुमारे ११ टक्के. तिकीट घेऊन न येणारे आणि विकायला घेऊन हाती राहिलेले, दोघे पहिल्या आकड्यात असतात, दुसऱ्यात नाहीत.

कुठलाही आकडा बघताना आधी विचारा: विकलेली, वाटलेली की स्कॅन झालेली? "वाटलेली" मध्ये फुकट पासही येतात. आणि चौथा प्रकार असतो, नुसता जाहीर केलेला. रेसलमेनिया ३२ चा १,०१,७६३ हा तसा; त्या आकड्यात तिकीट तपासणारे आणि सोय बघणारे कर्मचारीही धरले होते, असं विन्सनेच नंतर गुंतवणूकदारांसमोर सांगितलं. त्यामुळे एका शोचा जाहीर आकडा आणि दुसऱ्याचा टर्नस्टाइलचा आकडा शेजारी ठेवून भांडू नका.

रेटिंगचंही तेच. रॉ जानेवारी २०२५ पासून नेटफ्लिक्सवर आहे. नेटफ्लिक्सचे "व्ह्यूज" म्हणजे एकूण पाहिलेले तास भागिले कार्यक्रमाची लांबी, तेही जगभरचे. टीव्ही रेटिंग मोजणाऱ्या नीलसनचा आकडा अमेरिकेतल्या त्या वेळच्या सरासरी प्रेक्षकांचा. दोघांची वजाबाकी करून काहीही सिद्ध होत नाही.

टॉपरोप
हे चांगलं झालं. हार्डकॅम, ८४ दिवसांवरून आठवलं: कोणी रिलीज झालं की "९० दिवस थांबा" असं सगळे म्हणतात. अफवा तपासायला ते कितपत धरायचं?

शार्पशूटर९७
डब्ल्यूडब्ल्यूईच्या मुख्य रोस्टरवर ९० दिवस, एनएक्सटीत (नवोदितांच्या शोत) ३०, हा प्रघात. त्या काळात पगार चालू असतो आणि दुसरीकडे जाता येत नाही. पण करार ज्याचा त्याचा. अलिस्टर ब्लॅकला २ जून २०२१ ला सोडलं आणि ७ जुलैला तो मलकाय ब्लॅक म्हणून डायनामाइटवर आला. मुख्य रोस्टरवर घेताना त्याचं एनएक्सटीचं ३० दिवसांचं कलम बदलायचंच राहून गेलं होतं. "ऑगस्टअखेरीशिवाय शक्य नाही" म्हणणारे सगळे चुकले.

उलट दिशेचं उदाहरण ल्यूक हार्पर. त्याने एप्रिल २०१९ मध्ये सोडण्याची विनंती केली, तर दुखापतीत गेलेले सहा महिने कराराला जोडले गेले. सुटका डिसेंबरात झाली आणि तो एईडब्ल्यूत मार्च २०२० मध्ये दिसला. कराराची संपण्याची तारीख सांगणारी बातमी वाचली की दुखापतीचे महिने धरले आहेत का ते आधी बघायचं. डर्टशीट हेच सगळ्यात जास्त विसरतात.

बुकरची_खुर्ची
बातमीतली क्रियापदंही नीट वाचा. "सुचवलं गेलं", "चर्चेत होतं" आणि "ठरलं" या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. मीटिंगमध्ये आठवड्याला ढिगाने गोष्टी सुचवल्या जातात. पाच साइटवर एकच बातमी दिसली तर खाली जाऊन मूळ कोणाचं ते शोधा. बहुतेक वेळा पाचही जण एकाच वार्तापत्राचा हवाला देत असतात, म्हणजे स्रोत एकच. एरिनाच्या जाहिरातीतल्या मॅचवरून पुढच्या कथेचा अंदाज बांधू नका. तिकीट विकायला महिनोन्‌महिने आधी नावं छापावी लागतात, आणि खाली "कार्ड बदलू शकतं" हे लिहिलेलंच असतं.

ट्रेडमार्कच्या अर्जांनाही मी थोडं वजन देतो. अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर शोध फुकट आहे, रेसलिंगच्या कार्यक्रमांसाठी वर्ग ४१ बघा. अर्जदार कंपनी असेल तर नवं नाव किंवा नवा शो येतोय. अर्जदार स्वतः रेसलर असेल आणि त्याचा करार संपत आला असेल, तर कान टवकारायला हरकत नाही.

एमजेएफबद्दल मात्र, हार्डकॅम, माझं मत वेगळं आहे. २८ मेची गैरहजेरी त्याने खरी केली आणि कंपनीने चार दिवसांत तिच्यावर वर्क चढवला, असं मला वाटतं. म्हणजे १ जूनला बोलताना तो काही वाक्यं मनापासून बोलत होता आणि खानला ते माहीत होतं.

हार्डकॅम
मनापासून बोलला असेल, त्यावर वाद नाही. पण माझा प्रश्न परवानगी होती का, एवढाच आहे. तीन महिने तो कुठल्याही शोवर नव्हता, आणि परतला ते थेट बेल्टची संधी देणारी लॅडर मॅच जिंकून. शिक्षा झालेल्या माणसाची वाट अशी नसते. ओमेगा आणि बक्सचं काय झालं ते शेजारी ठेवून बघा: त्यांचा बेल्ट गेला, निलंबन झालं, आणि ते नोव्हेंबरमध्ये परतल्यावर तोच बेल्ट मिळवायला त्यांना सात मॅचची मालिका खेळावी लागली.