मदत हवी आहे: पुरानंतरचा गाळ-कचरा उचलण्याचा आराखडा (वाशिष्ठीकाठचं गाव)

खाडीकाठ
नमस्कार. चिपळूणच्या खालच्या अंगाला, वाशिष्ठी नदीच्या काठी आमची ग्रामपंचायत आहे. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर जागा मिळेल तिथे गाळ टाकला गेला आणि त्यातला बराचसा पुढच्या पावसात परत गटारात आला. यंदा पावसाआधीच आराखडा कागदावर आणायचा आहे.

पूरपट्ट्यात 60 घरं आणि 25 दुकानं आहेत. दुकानांत एक खत-औषधांचं, एक मेडिकल आणि एक रेशनचं. पेठेचा रस्ता 300 मीटर लांब, 4 मीटर रुंद. मागच्या दोन गल्ल्या जेमतेम 5 फुटी. घरं बहुतेक जांभ्याची, काही मातीच्या जोडणीची. किती माल निघेल, किती गाड्या लागतील, टाकायचा कुठे आणि सुरुवात कशाने करायची? जाणकारांनी कृपया सांगावं.

ब्रासवाला
हिशोब ब्रासमध्येच करा, ट्रॉलीवाले त्याच भाषेत बोलतात. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण एक ट्रॉली.

घर-दुकान सरासरी 400 चौरस फूट आणि गाळ 6 इंच धरला तर प्रत्येकी 2 ब्रास, म्हणजे 85 चे 170. पेठेचा रस्ता अर्धा फूट गाळाने भरला तर 64 ब्रास. गल्ल्या आणि अंगणांचे 40 धरा. गाळ झाला सुमारे 275 ब्रास. भिजलेल्या गाद्या, कपाटं, फर्निचर घरटी दीड ट्रॉली, म्हणजे आणखी 130 खेपा. एकूण 400 खेपांची तयारी ठेवा. गाळ एक फूट बसला तर घरांचा आणि रस्त्याचा आकडा दुप्पट करा.

ओला गाळ फार जड असतो, ब्रासला साडेचार ते पाच टन. दहा चाकी डंपर हौदा भरेपर्यंत भरू देऊ नका, 3 ब्रासला थांबवा. पावसाने मऊ झालेल्या साइडपट्टीवर चाक रुतलं की अख्खी पेठ अडकते.

जेसीबीच्या पुढच्या बकेटात साधारण 1 घनमीटर बसतो. तीन बकेटांत ट्रॉली भरते, गाडी लावण्यासकट 10 मिनिटं. टाकायची जागा 4 किलोमीटरवर असेल तर जाऊन, खाली करून परत यायला 50 मिनिटं. म्हणजे एका जेसीबीमागे पाच-सहा ट्रॉल्या हव्यात. त्याहून कमी असतील तर तुम्ही जेसीबीला उभं राहायचे पैसे देता. पाच ट्रॉल्या दिवसाला आठ खेपा करतील, म्हणजे 40. दोन जेसीबी पेठेच्या दोन टोकांना लावलेत तर पाच-सहा दिवसांत आटपेल. पेठेत एकेरी वाहतूक ठेवा, 4 मीटरमध्ये दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या की अर्धा तास गेला.

गल्ल्यांत घमेली, फावडी आणि माणसांची रांग, दुसरा इलाज नाही. सिमेंटच्या गोण्या अर्ध्याच भरायच्या. पूर्ण भरलेली ओली गोणी 60 किलोच्या आसपास जाते आणि दुपारपर्यंत माणसं कमरेतून जातात.

पाणलोट
वरचा हिशोब बरोबर आहे, पण गाड्यांपेक्षा जागा ठरवणं अवघड आणि तेच आधी करायचं. जागा ठरलेली नसेल तर पहिली ट्रॉली सरळ खाडीकडे वळते. भरतीचं पाणी तो गाळ आणि प्लास्टिक उचलून कांदळवनात नेतं, आणि सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या जागेच्या नियमांची) भानगड मागे लागते ती वेगळी.

कचराभूमीसाठी घनकचरा नियम, 2016 मध्ये नदीपासून 100 मीटर, तळ्यापासून 200 मीटर, वस्ती आणि पाण्याच्या विहिरींपासून 200 मीटर अशी अंतरं दिली होती. तुमची जागा तात्पुरती असली तरी हीच अंतरं पाळा. गाळाचा ढीग दीड मीटरच्या वर नको, नाहीतर पावसात घसरतो. गाळ, सामान आणि ट्रॉली वळायची जागा धरून 15 गुंठे लागतील. वरच्या अंगाला चर आणि खालच्या अंगाला मातीचा बांध घाला. जागामालकाचं लेखी संमतीपत्र आणि ग्रामसभेचा ठराव मे महिन्यातच करून ठेवा.

तुमच्याकडे कोणीतरी नक्की म्हणेल, जुन्या चिरेखाणीत टाका. फक्त निव्वळ गाळ असेल तरच. जांभा सच्छिद्र असतो, खाणीत साठलेलं पाणी खालच्या विहिरींकडे झिरपतं. त्यात गाद्या, औषधं, सडलेलं धान्य गेलं तर उन्हाळ्यात त्याच विहिरीचं पाणी प्यायची वेळ येईल.

खाडीकाठ
चिरेखाणीचाच विचार होता, बरं झालं विचारलं. पण निव्वळ गाळ वेगळा निघणार कसा? पाणी ओसरलं की लोक सगळं एकदम दारात आणून टाकतात. उलट काही जण पंचनाम्याच्या भीतीने कशालाच हात लावू देत नाहीत.

मीना_आरोग्य
दादा, पेठ इतकी अरुंद आहे की ढीग जागेने वेगळे होणार नाहीत, वेळेने करावे लागतील. पहिल्या दिवशी फक्त रस्त्यावरचा गाळ काढून वाट मोकळी करायची. दुसऱ्या दिवसापासून घरातलं सामान, आणि ते उचललं गेल्यावर घरातला गाळ. कोणत्या वाडीचा कोणता दिवस हे दवंडी आणि व्हॉट्सअॅपवर आदल्या संध्याकाळी सांगा.

पंचनाम्यासाठी प्रत्येक घरी फोटो काढायचे: भिंतीवरची पाण्याची रेघ आणि घर क्रमांक एकाच चौकटीत, मग प्रत्येक मोठी वस्तू. तलाठी आणि ग्रामसेवकांशी आधीच बोलून पेठेचे पंचनामे पहिल्या दोन दिवसांत घ्यायला सांगा. मेलेल्या जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक दिसेल असा फोटो पुरण्याआधी हवाच.

खत-औषधांचं दुकान आणि मेडिकल यांना जेसीबी लावायचा नाही. बाटल्या फुटल्या की सगळी ट्रॉली विषारी होते. तो माल हाताने, झाकणाच्या पिंपात भरून कोरड्या खोलीत कुलूपबंद ठेवा आणि कृषी व औषध विभागाला कळवा. गॅस सिलिंडर वितरकाकडे. रेशनचं भिजलेलं धान्य दोन दिवसांत आंबतं, वाट मोकळी झाली की त्याची गाडी सगळ्यात आधी.

गमबूट आणि रबरी हातमोज्यांशिवाय कोणी गाळात उतरायचं नाही, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. लेप्टोच्या (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राला मजुरांची यादी द्या. ब्लिचिंग पावडर गाळावर फेकून उपयोग नाही, गाळातली घाणच क्लोरीन खाऊन टाकते. खरवडून, धुऊन झाल्यावर 1 लिटर पाण्यात 30 ग्रॅम या प्रमाणात फरशी-भिंतीला लावा. त्यात अॅसिड मिसळू देऊ नका, विषारी वायू होतो.

पाणलोट
दोन गोष्टी राहिल्या. घरं धुण्याआधी गटारांच्या तोंडांशी गोणपाट लावा, नाहीतर पाइपाच्या जोराने सगळा गाळ गटारात जाऊन बसतो. आणि मातीच्या जोडणीच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी गाळ असेल तर थोडा आतला, थोडा बाहेरचा असा काढा. एकच बाजू मोकळी केलीत तर दुसऱ्या बाजूचा ओला भार भिंत ढकलतो.

खाडीकाठ
मनापासून आभार. शेवटचं: खेपांचे पैसे कसे द्यावेत? अर्ध्या भरलेल्या ट्रॉल्यांची बिलं येतात.

ब्रासवाला
पावसाआधी प्रत्येक ट्रॉलीचा हौदा टेपने मोजा, ब्रास रंगाने फळीवर लिहा. तीन प्रतींचं क्रमांकित कूपन: गाडी क्रमांक, माल, वेळ. भरताना एक सही, टाकायच्या जागेवर दुसरी. भरणारा आणि खाली करून घेणारा अशी दोन वेगळी माणसं नेमा. दुसरी सही करणारा हौदा किती भरलाय ते बघून पूर्ण, पाऊण की अर्धा अशी खूण करील. दुसरी सही नसेल तर खेप धरायची नाही. जेसीबीचं भाडं मात्र तासावर, सकाळ-संध्याकाळ मीटरचा फोटो काढून. सार्वजनिक जागेवरचा मलबा उचलणं राज्य आपत्ती निधीच्या निकषांत बसतं, पण प्रस्ताव पाठवताना हीच कूपनं आणि फोटो जोडावे लागतील.