चक बदलताना मायक्रॉनचे पैसे कशाला मोजायचे?

शिरोलीचा लेथवाला

जॉबवर्कच्या छोट्या शॉपमध्ये लेथवर जॉब पकडणारा तीन जॉचा (जबड्यांचा) चक घासला की मालक डीलरला फोन लावतो, आणि डीलर पोलंडच्या बायसन कंपनीच्या महागड्या चकपासून सुरुवात करतो. चक एक नंबर आहे, त्यात वाद नाही. पण त्याच पैशात साधा देशी तीन जॉ, जोडीला चार जॉ (प्रत्येक जॉ वेगळा सरकतो तो) आणि दोघांच्या बॅक प्लेटा (चक लेथच्या फिरत्या स्पिंडलवर बसवायच्या) येतात.

आपल्या कामाला काय लागतं ते बघा. बुश घ्या. बाहेरचा व्यास, बोअर, फेसिंग सगळं एकाच पकडीत केलं आणि पार्टिंगने तोडला, तर चक ०.२ मिमी मारत (सेंटर सोडून फिरत) असला तरी बुशला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण जॉब स्पिंडलच्या सेंटरवर फिरतो. पंपाचा शाफ्ट घ्या. २५ मिमीच्या बेअरिंग सीटला के६ टॉलरन्स म्हणजे +२ ते +१५ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग). ती दोन सेंटरमध्ये डॉग (शाफ्टला फिरवणारा क्लॅम्प) लावून फिरवायची, तिथे चकचा संबंधच नाही. चक आडवा येतो तो जॉब उलटून धरताना, आणि तेव्हा चार जॉला डायल गेज लावून सेंटर केलं की संपलं. ज्याच्या हाताला चार जॉ येतो त्याने महागडा तीन जॉ का घ्यावा, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

भोसरीवाला

समजावतो. तुमचा हिशोब एकेका नगाचा आहे. माझ्याकडे फ्लँजची लॉट येते, प्रत्येक नग उलटून धरावा लागतो. दर नगाला चार जॉ सेट करत बसलो तर तासाचा रेट कुठून काढू? आणि डायल लावणार कोण? आयटीआयचा टर्नर आज मिळत नाही. मिळाला की वर्षभरात सीएनसीवर जातो. जो उरतो तो चावी फिरवून स्टार्ट दाबतो. त्याच्यासाठी मी अ‍ॅडजस्टेबल तीन जॉ घेतला. मागच्या अडॅप्टरवर बॉडी बाजूच्या स्क्रूंनी सरकवता येते. एकदा डायलवर शून्याजवळ आणली की त्याच व्यासाचे नग पाठोपाठ डायलच्या एक-दोन रेघांत बसतात. पैसे वसूल.

निवृत्त टर्नर

दोघंही खरेदीवर भांडताय. जुन्याला काय झालंय ते आधी बघा की.

चक काढा. स्पिंडलचा टेपर आणि फेस कापडाने पुसा, बोटाने चाचपा, मग टेपरवर डायल लावा. तिथेच काटा हलत असेल तर दोष बेअरिंगचा किंवा नोजचा. मग जगातला कुठलाही चक लावा, रडणं तेच राहणार. तिथे ठीक असेल तर चक परत चढवा आणि गजन पिन (पिस्टनची) किंवा हार्ड क्रोमच्या रॉडचा सरळ तुकडा पकडा. एक रीडिंग जॉच्या तोंडाशी, दुसरं १०० मिमी पुढे. दोन्हीकडे सारखंच मारत असेल तर सेंटर सरकलंय एवढंच. पुढे गेल्यावर वाढत असेल तर जॉब तिरका बसतोय. बहुतेक वेळा जॉ तोंडाशी झिजून भोंग्यासारखे उघडलेले असतात, पकड फक्त मागच्या टोकाला राहते. भोसरीवाले, तुमचे बाजूचे स्क्रू पहिला दोष काढतात. दुसरा काढत नाहीत.

अजून एक. तीन जॉच्या चकला चावीची तीन भोकं असतात. तिन्हीकडून आवळून रीडिंग घ्या, तीन वेगळी येतील. जे सगळ्यात कमी तिथे पंचने खूण करा आणि शेवटचा आवळ कायम तिथूनच द्या. चांगल्या कंपन्या ही खूण करूनच पाठवतात, पण बघतो कोण? जॉ काढून स्क्रोलमधला (जॉ सरकवणाऱ्या आतल्या चक्रीतला) बुरा साफ करा. जॉवर १, २, ३ कोरलेलं असतं, तो क्रम चुकवून घातलेले चक मी भरपूर पाहिलेत, आणि मालक म्हणतो चक गेला.

हे सगळं करूनही मारत असेल तर टूलपोस्ट ग्राइंडरने जॉ घासून घ्या. मात्र जॉवर काम करतानाच्याच दिशेने ताण देऊन. मोकळे जॉ घासले तर पैसे पाण्यात.

शिरोलीचा लेथवाला

काका, निदानाला पूर्ण सहमत. अर्धे चक मला वाटतं तिथेच वाचतील.

भोसरीवाले, लॉटचा मुद्दा मान्य. पण लॉट असेल तर सॉफ्ट जॉ (मऊ, मापाला कापता येणारे) का नाही? आत रिंग धरून जॉवर ताण द्या, फ्लँजच्या व्यासाला बोअर मारा आणि पूर्ण लॉट त्यात काढा. साध्या देशी चकवरसुद्धा ०.०२ च्या आत येतं, आणि जॉब तिरका बसायचा प्रश्नही जातो, कारण मागचा टप्पा त्याच सेटिंगला फेस केलेला असतो. तुमच्या अ‍ॅडजस्टेबल चकला व्यास बदलला की पुन्हा डायल लावावाच लागतो. स्क्रोलची चूक प्रत्येक व्यासाला वेगळी असते.

भोसरीवाला

सॉफ्ट जॉ बोअर करणारा माणूस असता तर मी हा चक घेतला असता का? तुम्ही फिरून परत माणसावरच येताय. आणि तुमच्या देशी चकला सॉफ्ट जॉ मिळतात का ते आधी विचारा. टू-पीस जॉ असेल तर वरचा तुकडा बदलता येतो. सॉलिड जॉ असेल तर काय करणार, वेल्डिंग?

शिरोलीचा लेथवाला

टू-पीस घ्या असंच म्हणतोय. थोडा महाग पडतो, तरी इंपोर्टेडच्या जवळपासही जात नाही.

मिशिगनकर

मी इथे हौसेखातर गॅरेजमध्ये छोटा लेथ चालवतो, त्यामुळे तासाच्या रेटचं दुखणं मला नाही. अ‍ॅडजस्टेबल चक इथल्याच कलामाझू गावच्या बक कंपनीने गाजवला, म्हणून गावाजवळच्या मालाची बाजू घ्यायला हवी. पण मी उलटं सांगेन: २६ मिमीच्या आतलं काम असेल तर चकचा नाद सोडा, ईआर-४० कोलेट चक (चिरा असलेल्या नळीने जॉब चहूबाजूंनी आवळणारा) घ्या. बॅक प्लेटवर बसतो, सेट स्वस्तात मिळतो, रनआउट (मारणं) तीन जॉपेक्षा कमी आणि जॉबवर जॉचे वण उठत नाहीत.

भोसरीवाला

+१. लहान शाफ्टला आम्हीही तेच वापरतो.

निवृत्त टर्नर

कोलेट आखूड जॉबला धरू नका हो. ईआर कोलेट दोन्ही टोकांनी दाबला जातो. वॉशर किंवा पातळ बुश पुढच्या टोकाला धरलात तर मागचं टोक रिकामं राहून तिकडून मिटतं, पकड तिरकी होते आणि कोलेटही खराब होतो. शिवाय १८ चा कोलेट साधारण १८ ते १७ एवढंच धरणार. बाजारातून येणारा काळा बार कधी १८.३ तर कधी अंडाकृती, त्याला तीन जॉच लागतो. बाकी ब्राइट बारला कोलेटसारखं सुख नाही हे खरं.

नागदेवी स्ट्रीट

दुकानदार म्हणून एक विनंती. चक मागायला येताना “आठ इंची द्या” एवढ्यावर येऊ नका. स्पिंडलचं तोंड सांगा. थ्रेडचं असेल तर व्यास, पिच आणि मागे बसणाऱ्या गोल भागाचं माप. कॅमलॉक (चकच्या पिना कॅमने ओढून धरणारं तोंड) असेल तर पिना मोजा. तीन असतील तर बहुधा डी१-४, टेपरचा व्यास ६३.५१३. सहा असतील तर बहुधा डी१-५ किंवा डी१-६. पहिल्याचा टेपर ८२.५६३, दुसऱ्याचा १०६.३७५. हे न मोजता नेलेला माल परत घ्या म्हणून लोक वाद घालतात.

चक बसवल्यावर कॅमची खूण तीन ते सहा वाजण्याच्या मध्ये येऊन आवळली पाहिजे. येत नसेल तर पिन एक आटा आत-बाहेर करा. त्याच्यावर पाइप लावून जोर करू नका.

आणि बॉडी बिडाची की स्टीलची हेही विचारा. बिडाच्या चकवर आरपीएमची मर्यादा कोरलेली असते, ती शोभेसाठी नाही. शिरोलीवाल्यांच्या स्वस्ताईला माझा विरोध इथे आहे. कार्बाइड लावून मशीन टॉपला पळवायचं असेल तर स्टीलचीच बॉडी घ्या, मग ती देशी का असेना.

शिरोलीचा लेथवाला

याला माझा विरोध नाहीच. माझं मशीन जुनं ऑल गिअर, ते टॉपला पळत नाही.

आता बॅक प्लेटचं. मी मागून सपाट असलेला चक घेतो, प्लेट मशीनवर चढवून फेस करतो आणि चकच्या मागच्या खाचेत बसणारी गोल कॉलर मुद्दाम ०.३ मिमी लहान ठेवतो. बोल्ट अर्धवट आवळायचे, रॉड धरून डायल लावायचा, तांब्याच्या हातोडीने बॉडी ठोकून सेंटरला आणायची, मग बोल्ट पक्के. अ‍ॅडजस्टेबल चकचं काम फुकटात.

निवृत्त टर्नर

साफ असहमत. कॉलर घट्ट बसलीच पाहिजे, हाताने दाबून जेमतेम जाईल इतकी. तुमचा चक फक्त बोल्टच्या दाबावर उभा आहे. एखादा चौकोनी बार धक्के देत कापला किंवा टूल अडकलं की बॉडी सरकणार.

शिरोलीचा लेथवाला

सरकली तर परत ठोकायची. आणि घट्ट कॉलरने होतं काय, चकची मूळ चूक जशीच्या तशी पक्की होते. महागड्या चकमध्येसुद्धा कॉलरला मोकळीक आहेच ना?

निवृत्त टर्नर

आहे, पण त्याला बाजूने स्क्रू आहेत धरून ठेवायला. तुमच्याकडे नुसती हातोडी आहे. निदान प्लेटला चकच्या बॉडीभोवती येणारा ओठ ठेवून त्यात चार ग्रब स्क्रू टाका.

भोसरीवाला

म्हणजे घरी बनवलेला अ‍ॅडजस्टेबल चक. काका, तुम्ही माझ्या बाजूला आलात!

निवृत्त टर्नर

मी कुणाच्याच बाजूला नाही. शिरोलीवाले, ओठ ठेवायचा तर प्लेट चकच्या व्यासापेक्षा २५-३० मिमी मोठी घ्या आणि लेथच्या बेडमधल्या गॅपमध्ये फिरते का बघा. ग्रब स्क्रू एम८, टोक सपाट, खाली पितळेचा तुकडा. नाहीतर बॉडीवर खड्डे पडतील.