वाचनालयाच्या वेबसाइटचा मेनू: चित्रं लावून भागेल का?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची वेबसाइट नव्याने करायचं काम माझ्याकडे आलंय. लहानपणापासून तिथली सभासद आहे त्यामुळे मनापासून करतेय, पण मेनूपाशी अडकलेय. सध्या वर १४ पर्याय आहेत, आमच्याविषयी, कार्यकारिणी, उपसमित्या, देवघेव विभाग, संदर्भ विभाग, बालविभाग, देणगीदार वगैरे, आणि तरी ग्रंथपाल बाईंना दिवसभर फोन, की वर्गणी किती, रविवारी उघडं असतं का, दिवाळी अंकांची योजना सुरू झाली का. हे सगळं साइटवर आहे हो! फक्त वर्गणी ‘सभासदत्व नियमावली’ नावाच्या पीडीएफच्या तिसऱ्या पानावर आहे. समितीतले एक काका म्हणतात प्रत्येक पर्यायाला छान चित्र लाव, रंग दे, लोकांना लगेच सापडेल. मला ते पटत नाहीये पण त्यांना काय सांगू ते सुचत नाहीये. आणि मोबाइलवर काय करू? तिथे सगळं त्या तीन आडव्या रेघांच्या मागे जातं.

दारावरचीपाटी:
ताई, चित्रांचं नंतर बघू. तुमचा मेनू हा संस्थेच्या कारभाराचा तक्ता आहे. कुठल्या कपाटाची किल्ली कोणाकडे हे समितीला माहीत, सभासदाला त्याच्याशी काय करायचंय? ‘देवघेव विभाग’ हा शब्द काउंटरच्या आतल्या माणसांचा, बाहेरचा माणूस ‘पुस्तक बदलायचंय’ म्हणतो.

एक करा. साइटवरची प्रत्येक गोष्ट एकेका चिठ्ठीवर लिहा, ३०-४० होतील. वाचनालयात येणाऱ्या ८-१० जणांना, वेगवेगळ्या वयाच्या, एकेकट्याला बसवून सांगा की जे एकत्र असावं वाटतं त्याचे गठ्ठे करा आणि गठ्ठ्याला तुमच्या शब्दात नाव द्या. याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. तुम्ही गप्प बसायचं, हेच सगळ्यात अवघड, कारण कोणी चिठ्ठी हातात धरून विचार करत बसलं की आपल्याला सांगावंसं वाटतं. नाही सांगायचं. तो जिथे अडतो तिथेच तुमचा मेनू अडतोय.

मग जी रचना निघेल ती उलटी तपासा. कागदावर नुसते शब्द, ना रंग ना चित्र, आणि विचारा “दिवाळी अंक किती दिवस ठेवता येतो हे कुठे बघाल?” बोट कुठे जातं ते लिहून ठेवा.

निळीशाई:
काकांचं अगदीच चूक नाहीये, चित्राला जोर असतोच. आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लिहितावाचता न येणाऱ्यांनीही चिन्ह बघूनच मत दिलं ना. पण ते चिन्ह आधी प्रचारात दारोदार पोचवलेलं असतं, आणि आजही मशीनवर चिन्हाच्या शेजारी नाव असतंच. तुमच्या ‘उपसमित्या’च्या चित्राचा प्रचार कोण करणार? घर, भिंग, फोन एवढी चित्रं बहुतेकांना कळतात, बाकी प्रत्येकाखाली शब्द हवाच. रंगाचंही तेच, लाल-हिरवा वेगळा न दिसणारे लोक असतात, म्हणून नुसत्या रंगावर काहीच सोपवू नका.

मोबाइलवर सगळं रेघांमागे टाकू नका. वेळ, वर्गणी, पुस्तक शोधा हे तीन उघडे ठेवा, बाकीचं आत, आणि रेघांखाली ‘मेनू’ असं लिहा. ज्या पानावर माणूस आहे तो पर्याय ठळक दिसू दे, आणि वर ‘मुखपृष्ठ › सभासद व्हा › वर्गणी’ अशी वाट दिसू दे, कारण गूगलवरून थेट आतल्या पानावर उतरलेल्याला आपण कुठे आहोत हेच कळत नाही.

तिसरामजला:
पुस्तकशोधाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. वाचनालयाचं काम करताय तर रंगनाथन यांचं नाव यायलाच हवं. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल, मूळचे गणिताचे. लंडनच्या एका दुकानात मेकॅनो, म्हणजे पट्ट्या नि स्क्रू जोडून हवी ती वस्तू बनवायचा खेळ, बघून त्यांना सुचलं की विषयाला एकच कायमचा कप्पा कशाला, सुटे भाग जोडून हवा तो विषय बांधता आला पाहिजे. त्यातून १९३३मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली. आज खरेदीच्या साइटवर डाव्या बाजूला किंमत, रंग, माप असे फिल्टर दिसतात त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. तेव्हा ‘कथासंग्रह’च्या आत ‘ग्रामीण’च्या आत ‘बालवाङ्मय’ अशी खोल विहीर खणू नका, लेखक, प्रकार, वय, शिल्लक आहे की नाही असे चार फिल्टर शेजारी शेजारी द्या.

पाटीपेन्सिल:
शनिवारी केलं! ९ जण बसवले, ३६ चिठ्ठ्या. ७ जणांनी वर्गणी, अनामत, वेळ आणि सुट्ट्या एकाच गठ्ठ्यात ठेवल्या. एका आजींनी त्याला नाव दिलं ‘यायच्या आधी’, तेच ठेवतेय. ‘उपसमित्या’ची चिठ्ठी जवळजवळ सगळ्यांनी शेवटपर्यंत हातात धरून ठेवली. काका शेजारी बसून बघत होते, उठताना म्हणाले उपसमित्या खाली तळाला टाक. आता वर ५ पर्याय आहेत, सगळे शब्दात. एक शंका राहिली, मेनूत ‘दिवाळी अंक’ मधल्या वेलांट्या वरून कापल्या जातायत, फॉन्ट बदलू का?

निळीशाई:
फॉन्ट राहू दे, ओळीची उंची वाढवा. बहुतेक थीम, म्हणजे साइटचे तयार साचे, इंग्रजी अक्षरं धरून बनवलेल्या असतात, आपल्या वेलांट्यांना वर आणि उकारांना खाली जागा लागते. अक्षराच्या दीडपट उंची देऊन बघा, आणि ‘पूर्तता’ नि ‘र्‍हस्व’ असे शब्द टाकून खात्री करा.