पोस्टकार्डावरच्या तिरंदाज बाई कोण? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गिरगावची खोली आवरताना आजोबांच्या ट्रंकेत पोस्टकार्डांचा गठ्ठा सापडला. आजोबा गोदीत कारकून होते, बोटीवरच्या लोकांकडून कार्डं मागून घ्यायचे. पावसाळ्यांची ओल लागून बरीचशी एकमेकांना चिकटलीत. एक मात्र शाबूत आहे. जमिनीला टेकणारा झगा, मोठी हॅट, हातात पूर्ण ताणलेलं लाकडी धनुष्य. तीन बोटं दोरीवर, अंगठा मोकळा. मागे पेंढ्याचं निशाण आणि बघत उभे असलेले एक गृहस्थ.

कार्डाच्या पाठीवर मधोमध उभी रेघ आहे, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. ब्रिटनमध्ये अशी कार्डं १९०२ पासून निघाली, म्हणजे हे त्याआधीचं नाही. आजोबांनी पेन्सिलीने 'लंडन ऑलिंपिक' एवढंच लिहिलंय.

१९०८ च्या त्या स्पर्धेत महिला तिरंदाज २५ होत्या, सगळ्या ब्रिटनच्याच. क्वीनी न्यूअल पहिल्या (६८८ गुण), लॉटी डॉड दुसऱ्या (६४२), बिॲट्रिस हिल-लो तिसऱ्या. कार्ड ज्यांना ज्यांना दाखवलं ते सगळे लॉटी डॉडच म्हणतात. विम्बल्डन पाच वेळा जिंकलेल्या, त्यामुळे तेच नाव सगळ्यांना ठाऊक. मला ते पटत नाही. लॉटी तेव्हा ३६ वर्षांच्या होत्या, न्यूअल ५३ च्या. कार्डावरच्या बाईंची हनुवटीखालची कातडी सैल पडलेली स्पष्ट दिसते. पण एवढ्यावर नाव लिहायचं धाडस होत नाही. चुकीचं नाव एकदा चिकटलं की निघता निघत नाही, आणि जिंकलेल्या बाईंच्या फोटोखाली हरलेल्यांचं नाव पडावं हे मला फार लागतं.

दोन गोष्टी अडतात. धनुष्य उजव्या हातात आहे, दोरी डाव्या हाताने ओढलीय, म्हणजे बाई डावखुऱ्या होत्या का? आणि निशाणाचं लाल कडं काळंकुट्ट, निळं जवळजवळ पांढरं दिसतं. फोटोवर कुणी हात फिरवलाय का?

प्रतिसाद १
हात फिरवलेला नाही. त्या काळी फोटो ज्या काचेवर घेत तिच्यावर लाल रंग उमटतच नसे, म्हणून तो काळा दिसायचा, निळा मात्र फिकट यायचा. उलट त्यावरून फोटो जुना असल्याचंच दिसतं. डावखुरेपणासाठी मागच्या गृहस्थांचा कोट बघा. पुरुषांच्या कोटाचा छातीवरचा खिसा घालणाऱ्याच्या डावीकडे असतो, बटणं लावताना डावी बाजू वर येते. हे उलटं असेल तर फोटोच उलटा छापलाय. चेहरा जुळवताना हॅट आणि झगा सोडा, कानाची पाळी बघा. वय वाढलं तरी कानाची घडण फारशी बदलत नाही.

धागाकर्ती
भिंगातून पाहिलं. खिसा त्या गृहस्थांच्या उजवीकडे आहे! म्हणजे फोटो उलटा, बाई उजव्याच. खूप आभार. कान हॅटखाली अर्धा झाकलाय, पाळी तेवढी दिसते, गालाला चिकटलेली. क्वीनी न्यूअल यांचा बाजूने काढलेला एखादा फोटो कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका.