मदत हवी आहे: सेफीड ताऱ्यांसाठी पहिलं अंतर कशावरून धरलं?

मंडळी, दीर्घिकांची अंतरं कशी मोजतात हे समजून घेतोय आणि एका जागी अडलोय. जवळच्या ताऱ्यांचं कळलं: सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या पलीकडे जाते, तारा किंचित सरकलेला दिसतो, त्या कोनावरून अंतर.

पुढचा टप्पा फार सुंदर आहे. खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये लहान मॅगेलनिक मेघातले (आकाशगंगेशेजारची एक छोटी दीर्घिका) २५ सेफीड तारे, म्हणजे ठरावीक चक्राने तेज कमी-जास्त होणारे तारे, आलेखावर मांडले. तेज कमी-जास्त होण्याचं चक्र जितकं लांब, तितका तारा तेजस्वी! सगळे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून तुलना चोख. याच नात्यावरून खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेबाहेर असल्याचं दाखवलं.

पण या आलेखातून कळतं ते फक्त कोण कोणापेक्षा किती तेजस्वी. खरी तेजस्विता ठरवायला एखाद्या तरी सेफीडचं अंतर आधी माहीत हवं ना? ध्रुवतारा सेफीडच, पण तोही शेकडो प्रकाशवर्षं दूर. त्या काळी इतका बारीक कोन भरवशाने कसा मोजणार? मग सुरुवात कशावरून केली?

आणि मधल्या धुळीमुळे मंद दिसणारा तारा उगाच दूरचा धरला जाऊ नये, यासाठी काय करतात? गणितासकट सांगितलंत तर फारच उत्तम.